गणकयंत्र आणि आपला नोकरीधंदा

(संस्थेच्या वार्षिक सभेत वरळी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर. सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



कार्यकारी मंडळाने यंदाच्या भाषणासाठी गणकयंत्राचा विषय निवडला आणि बोलण्याचे काम आमच्याकडे सोपविले, तेव्हा आम्हांस प्रथम हसूच आले. ज्या यंत्राविरुद्ध ऐन तारुण्यात दंडाला काळी फीत बांधून आम्ही फोर्टच्या रस्त्यावर घोषणा दिल्या, त्याचीच कुळकथा सांगावयास आम्हांस उभे करावे, ही मोठी गंमत आहे. आम्ही या शास्त्राचे पंडित नव्हे. १९६९ साली फोर्टमधील एका मोठ्या कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि २००९ साली त्याच कचेरीतून निवृत्त झालो. शाईच्या पेनापासून संगणकाच्या पडद्यापर्यंतची सारी वाट या चाळीस वर्षांत आम्ही पायी तुडविली, एवढाच काय तो आमचा अधिकार.

पुढे बसलेल्या तरुण मंडळींच्या मनात आले असेल की, जे यंत्र आमच्या खिशात आहे त्याची माहिती या म्हाताऱ्याकडून काय ऐकावयाची? त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु भाषणानंतर शिक्षण निधीसंबंधी एक ठराव सभेपुढे यावयाचा आहे, आणि त्या ठरावाचा या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. तेवढ्यासाठीच आम्ही होकार दिला.

प्रथम नावाविषयी दोन शब्द. आमच्या तरुणपणी मराठी नियतकालिकांत या यंत्रास 'गणकयंत्र' म्हणत. पुढे 'संगणक' हा शब्द रूढ झाला. इंग्रजीतील 'कॉम्प्युटर' हा शब्द मात्र मूळचा यंत्राचा नव्हेच, तो माणसाच्या हुद्द्याचा आहे. आपल्या देशाच्या सर्वेक्षण खात्यात आकडेमोड करणाऱ्या नोकरदारांस 'कॉम्प्युटर' म्हणत. हिमालयातील सर्वांत उंच शिखराची उंची १८५२ च्या सुमारास ज्यांच्या गणिताने निश्चित झाली, ते राधानाथ सिकदार हे बंगाली गृहस्थ त्या खात्याचे मुख्य 'कॉम्प्युटर' होते. शिखरास नाव मिळाले ते दुसऱ्याच्या आडनावाचे! असो. सांगावयाचे एवढेच की, हे यंत्र आले ते कारकुनाचे काम घेऊन आणि कारकुनाचेच नाव घेऊन.

आता आपल्या ओळखीच्या वस्तूपासून आरंभ करू. सोलापुरी चादर नाही असे घर आपल्यात विरळा. त्या चादरीवरची वेलबुट्टी कशी उमटते, हे आम्हांस लहानपणी वडिलांनी समजावून सांगितले. वडील येथल्याच, वरळीतल्या एका गिरणीत साचेखात्यात होते. साच्यांच्या खडखडाटाने त्यांचे कान पुढे पार गेले, परंतु बोटांना सारे पाठ होते. नक्षीचे कापड विणावयाचे तर साच्यावर जेकार्ड नावाचे यंत्र चढवितात. त्यात जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकीस एक ओवून माळेसारख्या सोडलेल्या असतात, आणि प्रत्येक पट्टीत ठराविक जागी भोके पाडलेली असतात. पट्टी पुढे आली की, जेथे भोक आहे तेथे सुई आत शिरते आणि तिच्याशी बांधलेला उभा धागा वर उचलला जातो; जेथे भोक नाही तेथील धागा खालीच राहतो. मधल्या फटीतून धोटा निघून जातो. मग दुसरी पट्टी, पुन्हा धोटा. भोक आहे किंवा भोक नाही, एवढ्या दोनच अक्षरांच्या भाषेत अख्खे मोराचे चित्र लिहिलेले असते, आणि साच्यापुढे उभ्या असलेल्या विणकरास मोर काढता येण्याची गरज उरत नाही.

गणकयंत्राचे सारे मर्म या पुठ्ठ्याच्या पट्टीत आहे. फ्रान्समधील ल्यों शहरी जोसेफ जेकार्ड याने १८०४ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले, तेव्हा तेथल्या विणकरांनी त्यास कडाडून विरोध केला. पुढे इंग्लंडातील चार्ल्स बॅबेज या गणितीच्या मनात असे आले की, भोकांच्या पट्टीने जर धागा उचलता येतो, तर तिनेच आकडाही का उचलता येऊ नये? त्याने १८३० च्या दशकात पट्ट्यांवर चालणाऱ्या गणनयंत्राचे आराखडे काढले. यंत्र पुरे झाले नाही, परंतु जेकार्डची एक तसबीर त्याने मोठ्या अभिमानाने घरी लावली होती. ती तसबीर रंगविलेली नव्हती, साच्यावर रेशमात विणलेली होती, आणि तिला सुमारे २४,००० पट्ट्या लागल्या होत्या.

अमेरिकेत १८८० च्या खानेसुमारीचे आकडे जुळविण्यास सात-आठ वर्षे लागली. तेव्हा हर्मन हॉलेरिथ याने १८९० च्या खानेसुमारीसाठी माणशी एक कार्ड करून त्यात भोके पाडली आणि विजेच्या यंत्राने ती मोजली. त्याच्या धंद्यातूनच पुढे जी कंपनी उभी राहिली, तिने १९२४ साली आयबीएम हे नाव घेतले.

अशी कार्डे मुंबईच्या मोठ्या कचेऱ्यांत, रेल्वेत आणि विमा कंपन्यांत फार लवकर आली. एका कार्डावर ऐंशी रकाने असत. एका दालनात ओळीने बसलेल्या मुली कार्डांना भोके पाडीत, शेजारच्या दालनातील यंत्र ती निवडून बेरजा छापी. भोके पाडताना जो बारीक टिकल्यांचा कचरा निघे, तो आमच्या चाळीतील एक शिपाईमामा पिशवी भरून आणीत, आणि आम्ही मुले तो गणपतीच्या मिरवणुकीत उधळीत असू. डोळ्यांत गेला की ओरडा होई. गणकयंत्राशी आमचा पहिला परिचय असा विसर्जनाच्या मिरवणुकीत झाला.

आता आपल्या शहराच्या अभिमानाची गोष्ट. आपल्या देशाने स्वतः आखलेले आणि बांधलेले पहिले मोठे विद्युत गणकयंत्र मुंबईत झाले. डॉ. होमी भाभा यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन हे १९५४ साली रुजू झाले. त्यांच्याभोवती जी तरुण मंडळी जमली, त्यांपैकी बहुतेकांनी तोपर्यंत गणकयंत्र हाताळलेही नव्हते. पुस्तके वाचावी, भाग जमवावे, जोडून पाहावे, बिघडले की पुन्हा उकलावे, अशा रीतीने त्यांनी १९५६ च्या सुमारास लहानसा नमुना चालू केला आणि फेब्रुवारी १९६० मध्ये पुरे यंत्र कामास लावले. त्यात २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियमचे डायोड आणि १२,५०० रोधक होते. पंडित नेहरूंनी १९६२ च्या जानेवारीत कुलाब्यास संस्थेच्या नव्या वास्तूच्या उद्घाटनप्रसंगी त्याचे 'टिफरॅक' असे नामकरण केले. कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत १९५५ पासून गणकयंत्र होते, पण ते विलायतेहून आणलेले.

या टिफरॅकची स्मरणशक्ती केवढी? चाळीस-चाळीस खुणांचे २,०४८ शब्द, म्हणजे आजच्या मापाने सुमारे दहा किलोबाइट. लग्नात मोबाइलवर काढलेला एखादा फोटो त्याच्या तीनशेपट जागा सहज अडवितो. एवढ्याशा स्मरणावर त्या मंडळींनी अणुशास्त्राची गणिते सोडविली! १९६४ साली संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले, देशभरच्या संशोधकांची कामे त्यावर होऊ लागली, आणि टिफरॅकचे आयुष्य सरले. पाच वर्षांत जुने झालेले यंत्र म्हणून कोणी त्याची थट्टा करील. आम्हांस तसे वाटत नाही. यंत्र गेले, परंतु ते बांधताना शिकलेली माणसे राहिली, आणि या देशात संगणकाचे शिक्षण त्यांच्यापासून पसरले.

संशोधकांच्या यंत्राची कोणास भीती वाटली नाही. भीती वाटली ती १९६१ मध्ये, जेव्हा मुंबईतील एसो या तेल कंपनीच्या कचेरीत आयबीएम १४०१ हे यंत्र हिशेबाच्या कामासाठी बसले. व्यापारी कचेरीत बसलेले हे देशातील पहिले गणकयंत्र. त्यापाठोपाठ रेल्वेत, विम्यात, मोठ्या कारखान्यांत तशीच यंत्रे येऊ लागली. पगारपत्रक करण्यास ज्या खात्यात पंधरा माणसे महिनाभर राबत, ते काम यंत्र एका रात्रीत करते, अशा गोष्टी कॅन्टीनमध्ये चहाबरोबर सांगितल्या जात.

तरुणांनी थोडा वेळ आमच्या जागी उभे राहून पाहावे. बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांची खोली. आईवडील, आम्ही पाच भावंडे, गावाहून शिकावयास आलेला एक चुलतभाऊ आणि बाजेवर खोकणारी आजी. कारकुनाची एक नोकरी म्हणजे नऊ तोंडांचा प्रश्न. आपल्या ज्ञातीत तेव्हा मॅट्रिक झालेल्या मुलापुढे दोनच दरवाजे होते, गिरणी नाहीतर कचेरी. आणि गिरणीतून कचेरीत जाणे यालाच आपण वर चढणे म्हणत होतो. त्या दुसऱ्या दरवाजात यंत्र आडवे येऊन उभे राहते आहे, असे दिसल्यावर आम्ही घोषणा दिल्या नसत्या तरच नवल. कलकत्त्यास तर आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कचेरीवर दिवसरात्र पहारा ठेवून गणकयंत्र आत येऊ दिले नाही.

आमच्या या विरोधास आज अडाणीपणा म्हणण्याची रीत पडली आहे. ते आम्हांस मान्य नाही. आमच्या आजोबांनी १९२८ चा सहा महिन्यांचा गिरणी संप पाहिला होता. एका विणकराने दोहोंऐवजी तीन साचे चालवावे, या योजनेविरुद्ध तो होता. तिसरा साचा चालविता येणार नाही, असे कोणी म्हणत नव्हते; ज्याचा साचा गेला त्याने कोठे जावे, हा प्रश्न होता. आमचाही प्रश्न तोच होता. सरकारनेही तो हसण्यावारी नेला नाही. १९६९ साली या प्रश्नावर समिती नेमली, आणि तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर. समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. यंत्र सरसकट नको आणि सरसकट हवेही नको, कोठे आणि कशासाठी हे पाहून ठरवावे, अशा दिशेने त्या काळचा विचार चालला होता. बँकांत १९८३ साली व्यवस्थापन आणि कामगार संघटना यांच्यात लेखी करार झाला, किती यंत्रे आणि कोणत्या कामास हे ठरले, यंत्रावर बसणारास विशेष भत्ता मिळाला. कोणाची नोकरी न जाता संगणक आला, तो आपोआप तसा आला नाही. वीस वर्षांच्या भांडणाचे ते फळ होते, आणि त्या भांडणात दंडाला फीत बांधलेले आम्हीही होतो. आमची चूक झाली ती दुसरीकडे. ती पुढे सांगतो.

कारण त्याच काळात आपल्या वरळीवर आकाश कोसळले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतील हजारोंसाठी भोंगा पुन्हा वाजलाच नाही. त्या माणसांची रोजी गणकयंत्राने घेतली नाही, हे लक्षात घ्या. ज्याच्याशी आम्ही भांडत होतो ते यंत्र फोर्टमध्ये होते आणि घरे बुडाली ती वरळी, परळ, लालबागेत. संस्थेने त्या वेळी तांदूळ वाटला, मुलांच्या फिया भरल्या, जमेल ते केले. परंतु चाळिशीच्या विणकराने आता काय शिकावे, याचे उत्तर आपल्याजवळ नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर तो प्रश्न आपण विचारलाही नाही.

१९८८ साली आम्ही शिक्षण समितीवर होतो. त्या वर्षी एका भगिनीचा अर्ज आला. त्यांचे नाव सांगत नाही, त्यांस ते आवडणार नाही. वय चौतीस. यजमान संपानंतर घरी बसलेले, पदरी दोन मुली. मराठी आणि इंग्रजी टंकलेखनाच्या परीक्षा दिलेल्या होत्या. दादरला संगणकाचा एक वर्ग निघाला आहे, त्याची फी संस्थेने कर्जाऊ द्यावी, एवढीच मागणी. आम्ही पाच जण होतो. एक म्हणाले, टंकलेखन येते ना, मग हे आणखी कशाला? दुसरे म्हणाले, या वयात नोकरी कोण देणार? आम्ही स्वतः, आम्ही म्हणजे जो तुमच्यापुढे उभा आहे तोच, नियमावली उघडून दाखविली की साहाय्याची वयोमर्यादा पंचवीस आहे. त्या अर्जावर आमच्याच अक्षरात शेरा आहे: "वयाची अट ओलांडल्यामुळे अर्ज दप्तरी दाखल." ते इतिवृत्त परवा आम्ही पुन्हा वाचले.

त्या बाईंनी हातातल्या पाटल्या गहाण ठेवल्या आणि वर्ग पुरा केला. त्यांची कथा थोडी बाजूस ठेवून मधल्या काळाचा धावता आढावा घेतो, कारण तो तुम्हांस बहुतेक ठाऊकच आहे. मुंबईत १९६८ साली निघालेली टाटांची कन्सल्टन्सी फकीरचंद कोहली यांनी उभारली, आयबीएमने १९७८ मध्ये हा देश सोडला, पुण्यास डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सीडॅकने १९९१ मध्ये 'परम' हा महासंगणक सिद्ध केला. ही थोरामोठ्यांची गोष्ट झाली. सामान्य माणसास संगणक प्रथम दिसला तो रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीत. दिल्लीमागोमाग १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईस ही सोय झाली. त्यापूर्वी अमुक गाडीचे आरक्षण अमुक खिडकीवरच होई, आणि बाबूच्या वहीत जागा आहे की नाही हे त्या बाबूस आणि देवासच ठाऊक असे. वही पडद्यावर आली आणि कोणत्याही खिडकीवर कोणतीही गाडी मिळू लागली. आता गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्या काही मिनिटांत भरतात आणि रांग घरातच मोबाइलपुढे लागते. रांग मात्र चुकली नाही!

बँकेतील आमचे मित्र सांगत की, सहामाही ताळेबंदाच्या वेळी एका रुपयाचा फरक शोधण्यास रात्री बारा वाजत. तो रुपया यंत्राने शोधला, आणि त्याबरोबर रात्रीचा बटाटेवडा, एकमेकांच्या वह्या तपासताना होणारी थट्टामस्करी आणि चुकीची बेरीज नजरेने हेरणारा हेडक्लार्क हेही गेले. आमच्या खात्यात असा एक बुजुर्ग होता की, चार आकडी रकमांचा अख्खा रकाना बोट फिरवीत वरपासून खाली एकदाच बेरजे. पडदे आले त्या वर्षी त्याला कोणी काढले नाही. टेबल, खुर्ची, पगार सारे राहिले. फक्त त्याच्याकडे कोणी कागद घेऊन जाईना. दोन वर्षांनी तो आपणहून निवृत्त झाला. माणसाची नोकरी टिकूनही काम जाते, हे आम्ही त्याच्यामुळे पाहिले. करारात त्यासाठी कलम नव्हते.

ही स्मरणिका पूर्वी गिरगावातल्या छापखान्यात खिळे जुळवून छापली जाई. मुद्रिते तपासावयास आम्ही रविवारी जात असू आणि शाईचे हात घेऊन घरी येत असू. मजकूर संगणकावर गेला तेव्हा आरंभी मोठी पंचाईत झाली. एका संगणकावर लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्यावर उघडला की अक्षरांची भेळ होई, कारण प्रत्येकाची लिपी-व्यवस्था निराळी. पुढे युनिकोडमुळे जगातील सर्व लिप्यांस एक समान संकेत मिळाला आणि ही पीडा पुष्कळशी टळली. तुमच्या संगणकावर 'मंगल' नावाचे जे देवनागरी अक्षर दिसते, ते आपल्या मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी आखले आहे. ज्यांनी हयातभर बोरूने अक्षर गिरविले, त्यांच्याच हातचे वळण आज कचेरीकचेरीतून उमटते आहे. गोदरेजने १९५५ साली देशी टंकलेखन यंत्र काढले, त्या यंत्रावर आपल्या शेकडो मुलामुलींनी पोट भरले. २०१७ मध्ये आपल्या राज्यात त्या यंत्रावरची शेवटची परीक्षा झाली. २००२ पासून 'एमएससीआयटी' ही संगणकाची परीक्षा चालू होतीच.

आता आपल्या घरचा फजितीचा प्रसंग. १९९७ साली संस्थेने सभासदांची यादी संगणकावर घ्यावयाचे ठरविले. तेरा जाड वह्या होत्या. एका वर्गातील मुलाकडे काम दिले. त्याने इमानेइतबारे एकूणएक नोंद जशीच्या तशी उतरली, आणि मग आमच्याच सांगण्यावरून यादी आडनावांच्या अकारविल्हे लावली. यंत्राने ते क्षणात केले. सर्वांनी टाळ्या वाजविल्या. त्या यादीवरून वार्षिक सभेची निमंत्रणे गेली आणि आठवडाभरात पोस्टमन गठ्ठेच्या गठ्ठे परत आणू लागला. झाले होते असे की, जुन्या चिटणिसांनी वहीत एका चाळीतील पहिल्या माणसाचा पत्ता पुरा लिहून खालच्यांपुढे नुसते "सदर" लिहिले होते. वहीत त्याचा अर्थ स्पष्ट, वरच्याप्रमाणे. परंतु यादीचा क्रम बदलताच प्रत्येकाच्या वर निराळाच माणूस येऊन बसला. वरळीचा सभासद वेंगुर्ल्यास गेला, लालबागचा डोंबिवलीस. दोन सख्ख्या भावांचे निमंत्रण एकाच अनोळखी दारात जाऊन पडले. काही वृद्ध सभासदांनी तर संस्थेने मुद्दाम वगळले म्हणून अबोला धरला, तो पुढे बरीच वर्षे टिकला. यंत्राने चूक केली नव्हती. आम्ही त्याला सांगितले तेच त्याने केले, आणि जे आम्हांस न सांगताच समजत होते ते त्याला समजले नाही.

ज्ञातीत या कामातले कोणी जाणते आहे का, अशी विचारणा सुरू झाली तेव्हा कळले की, नरिमन पॉइंटच्या एका खाजगी कचेरीत माहिती भरण्याच्या खात्याची देखरेख करणाऱ्या एक बाई आपल्यातल्याच आहेत. चिटणीस त्यांच्याकडे गेले. दार उघडले ते १९८८ च्या अर्जदार भगिनींनी. आम्ही बरोबर होतो. आम्हांस त्यांनी ओळखले. त्यांनी जुन्या गोष्टीचा उच्चारही केला नाही. एवढेच विचारले, "मूळ वह्या रद्दीत टाकल्या नाहीत ना?" नव्हत्या टाकल्या, परंतु त्या रविवारी रद्दीवाला यावयाचाच होता! चार महिने रविवारी त्या कार्यालयात बसल्या, एकेक "सदर" उकलून पत्ता भरला, आणि मानधन घेण्याचे नाकारले. आज आपल्याला घरपोच जी निमंत्रणे मिळतात ती त्या यादीवरून. त्या आज सत्तरी ओलांडून या सभेत मागच्या रांगेत बसल्या आहेत.

आता सांप्रतकाळ. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळीतील ५५६ कुटुंबांस नव्या इमारतीतील घरांच्या चाव्या देण्यात आल्या. कोणास कोणते घर, हे संगणकीय सोडतीने ठरले. शंभर वर्षांच्या चाळींतून माणसे लिफ्टने वर गेली. गिरण्यांच्या आवारांत कचेऱ्या उभ्या राहिल्या; कमला मिलच्या फाटकातून आता पाळीचे कामगार नव्हे, गळ्यात ओळखपत्र घातलेली मुले आत जातात. त्यांत आपली मुले आहेत. कोणी माहिती भरतो, कोणी दूरध्वनीवर परदेशी गिऱ्हाइकांची तक्रार ऐकतो, कोणी आज्ञावली लिहितो. आणि आता नवे यंत्र आले आहे. ते केवळ आकडे जुळवीत नाही. पत्र लिहिते, तक्रारीस उत्तर देते, आज्ञावलीही लिहिते. कृत्रिम बुद्धिमत्ता असे त्याचे नाव. आमच्या वेळी "सदर" न समजणारे यंत्र आज बहुधा "सदर" समजेल. २०२५ च्या जुलैत टाटांच्याच त्या कंपनीने आपल्या मनुष्यबळातून सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा आपल्या किती घरांत त्या रात्री जेवणे नीट झाली नाहीत, हे ज्यांचे त्यांस माहीत.

गेल्या वर्षभरात आपल्या कार्यालयात तीन पालक येऊन गेले. पालक म्हणजे मुलांसाठी आलेले नव्हेत, स्वतःसाठी आलेले. वये एकेचाळीस, अडतीस आणि सत्तेचाळीस. एकाचे माहिती भरण्याचे खाते बंद झाले, दुसऱ्याचे काम यंत्राकडे गेले, तिसऱ्या भगिनीस पुढील मार्चपर्यंत मुदत आहे. घराचे हप्ते चालू आहेत. तिघांस काही नवे शिकावयाचे आहे आणि काय शिकावे याचीही त्यांनी चौकशी केली आहे; एकाने तर रुग्णालयातील तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम निवडला आहे, ज्याचा संगणकाशी बेताचाच संबंध. तिघांचे अर्ज नियमाप्रमाणे पुन्हा दप्तरी दाखल करावयाचे, की नियमास हात लावावयाचा, हा आजच्या ठरावाचा विषय आहे.

कोणी म्हणतील, निधी तुटपुंजा आहे, तो आधी मुलांस मिळावा. या आक्षेपात तथ्य आहे आणि ज्यांनी तो घेतला ते आमचे मित्र आहेत. परंतु बापाची मिळकत थांबली की मुलाची फी प्रथम थांबते, हे १९८२ नंतर याच वरळीत आपण घरोघर पाहिले. निधीचा किती हिस्सा प्रौढांसाठी राखावा, हे कोषाध्यक्षांनी हिशेब करून सुचविले आहे. परतफेड बिनव्याजी आणि नोकरी लागल्यावर असावी, अशीही सूचना आहे. ठरावाचा मसुदा चिटणिसांजवळ आहे. त्यातून "वय वर्षे २५" हे शब्द काढावेत, याविषयी समितीत एकमत झाले. त्यांच्या जागी काय घालावे यावर मात्र दोन मते आहेत. एक मत ४५ म्हणते. दुसरे मत म्हणते की, वयाची अटच नको. आमचे मत दुसऱ्या बाजूस आहे. आता चिटणिसांनी ठराव वाचावा.